जनेलचं पहिलं हरीण

रॉइसच्या गाडीत बसलं की जनेलची नजर आधी त्या बाटलीवर जायची. सरबताची प्लास्टिकची बाटली, निम्मी भरलेली, आतलं पाणी तपकिरी. रॉइस खालच्या ओठात तंबाखूची चिमूट दाबायचा आणि बोलता बोलता त्या बाटलीत थुंकायचा. झाकण कधी लावायचा, कधी विसरायचा. वळणावर ती बाटली डुचमळायची. जनेल खिडकीची काच खाली करायची आणि तोंड बाहेर काढून बसायची.

पण शिकायचं तर रॉइसकडूनच, असं घरात ठरलं होतं. रॉइस म्हणजे तिचा थोरला दीर. ओहायोच्या दक्षिणेकडच्या त्या टेकड्यांमध्ये त्याच्याइतकी हरणं कुणी मारली नव्हती. निदान तो तसं सांगायचा आणि त्याच्या दिवाणखान्याच्या भिंती त्याची साक्ष द्यायच्या. एका भिंतीवर सव्वीस शिंगं होती. त्यांखालच्या सोफ्यावर बसलं की आपल्याकडे कुणीतरी वरून बघतंय असं वाटत राहायचं.

जनेल बॉस्टविक सत्तेचाळीस वर्षांची होती. अठरा वर्षं ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करत होती. रोज चारशे पोरांचं जेवण. जन्मात तिनं कधी शिकार केली नव्हती, पण लग्न झाल्यापासून दर हिवाळ्यात हरणाचं मांस शिजवलं होतं. तिचा नवरा कर्ट दर साली दोन हरणं आणायचा, घरामागच्या शेडमध्ये साफ करायचा आणि पांढऱ्या कागदात गुंडाळलेल्या पुड्या फ्रीजरमध्ये रचून ठेवायचा. मधलं काही तिनं पाहिलं नव्हतं आणि पाहायची इच्छाही नव्हती. त्या वर्षी वसंतात कर्टच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, वर्षभर ओझं उचलायचं नाही आणि झाडावरच्या मचाणावर चढायचं तर नावच काढायचं नाही.

"मग या साली मी जाते," जनेल म्हणाली.

कर्ट आधी हसला. तिचा चेहरा बघून थांबला. "बंदूक?"

"बंदुकीचा धक्का मला सोसत नाही. तुझा क्रॉसबो आहे ना, तो."

ऑगस्टमध्ये रॉइसच्या गॅरेजमागे शिकवणी सुरू झाली. क्रॉसबो म्हणजे बंदुकीच्या दस्त्यावर बसवलेलं आडवं धनुष्य. त्याच्या पुढच्या रिकिबीत पाय घालायचा, दोरीचे दोन्ही आकडे प्रत्यंचेला अडकवायचे, पाठ ताठ ठेवून दोन्ही हातांनी सारखं ओढायचं, खट्‌ असा आवाज येईपर्यंत. बाण नसताना घोडा दाबायचा नाही, नाहीतर धनुष्याच्या चिंधड्या उडतात. आणि डाव्या हाताचा अंगठा कायम खाली.

"अंगठा वर आला तर प्रत्यंचा तो घेऊन जाते," रॉइस म्हणाला. "आपल्या बंबवाल्या लायनेलच्या मेव्हण्याचा गेला. गवतात शोधत बसले होते सगळे. कुत्र्यानं आधी शोधला."

तो पोट धरून हसला. जनेलनं अंगठा खाली घेतला.

तिचा हात स्थिर होता. अठरा वर्षं उकळत्या तेलाशेजारी उभं राहणाऱ्या बाईचा हात तसा असतोच. तीन आठवड्यांत तीस यार्डांवरून तिचे सगळे बाण फोमच्या ठोकळ्यात एका बशीएवढ्या जागेत जाऊ लागले. रॉइसला त्याचा आनंद झाला, पण त्याचं कारण तिला नंतर कळलं. त्याचं एक चॅनल होतं. शिकारीचे व्हिडिओ करून तो त्यावर टाकायचा. त्या साली त्याच्या डोक्यात नवी मालिका होती, 'नवशिक्यांसाठी क्रॉसबो', आणि त्याला नवशिका हवा होता.

"तू अगदी बेस्ट आहेस," तो म्हणाला. "शाळेतली जेवणवाली बाई. लोक म्हणतील, हिला जमतंय तर आपल्याला का नाही?"

फोन सुरू झाला की रॉइस वेगळाच माणूस व्हायचा. तंबाखू थुंकून टाकायचा, तोंड धुवायचा, आवाज खाली उतरवायचा. "मित्रांनो, तीस यार्डांच्या पुढे बाण सोडायचा नाही. हरीण आडवं उभं नसेल तर सोडायचा नाही. चुकून पोटात बसलाच, तर आठ तास जागचं हलायचं नाही, त्याला शांतपणे पडून राहू द्यायचं. आणि जखमी जनावर रानात टाकून घरी जातो तो शिकारी नव्हे. आपण त्या जिवाचं देणं लागतो." शेवटच्या वाक्याला तो टोपी काढून छातीशी धरायचा.

जनेलनं हे सगळं वहीत लिहून घेतलं. तिला ते पटलंही. बाटलीवाला रॉइस आणि टोपीवाला रॉइस यांच्यातला टोपीवालाच खरा असावा, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी उजाडायच्या आधी दोघं मचाणावर चढले. दोन माणसं शेजारी शेजारी बसतील असं लोखंडी मचाण होतं, ओकच्या झाडाला बांधलेलं. समोर वीस यार्डांवर रॉइसनं मक्याचा ढीग ओतून ठेवला होता. चढण्याआधी त्यानं खिशातून एक छोटी बाटली काढली आणि तिच्या बुटांवर चार थेंब टाकले.

"हे काय?"

"मादीचं मूत. माजावरच्या. नराला वाटेल, लग्नाला चाललोय."

तो दर्प नाकातून घशात उतरला आणि तिथेच बसला. जनेलनं दोन तास तोंडानं श्वास घेतला.

साडेसातच्या सुमारास नर आला. शिंगांना आठ फाटे, मान जाड, पाठ कोवळ्या उजेडात तांबूस. पण तो मक्याकडे आलाच नाही. दूर काटेरी झुडपांच्या कडेला उभा राहून वास घेत राहिला. रॉइसनं अंतर मोजायच्या यंत्रातून पाहिलं. "अठ्ठावन्न," तो ओठांतल्या ओठांत म्हणाला. नर तिरका उभा होता, तोंड यांच्याकडे करून. जनेलनं मान हलवली. क्रॉसबो मांडीवरून उचललाही नाही.

रॉइस थांबला. एक मिनिट, दोन मिनिटं. मग त्यानं चालू फोन तिच्या हातात कोंबला आणि शेजारी टांगलेला स्वतःचा क्रॉसबो उचलला.

"रॉइस, नको," ती कुजबुजली.

"गप. मागे वळला तर गेला."

बाण सुटला. जो आवाज आला तो जनेलला पुढे कित्येक दिवस ऐकू येत राहिला. ओला आणि पोकळ. फुगलेल्या पखालीवर काठी मारावी तसा. नरानं पाठीची कमान केली, शेपूट खाली दाबलं आणि वाकलेल्या पाठीनंच तो झुडपांत शिरला.

रॉइसनं तिच्या हातातला फोन स्वतःकडे वळवला. "फुप्फुसांतून आरपार, मित्रांनो! आरपार!"

बाण झुडपांपलीकडे जमिनीत रुतलेला सापडला. जनेलनं तो उपटला आणि तिचा हात आपोआप लांब गेला. बाणावर रक्त जवळपास नव्हतंच. हिरवट तपकिरी बुळबुळीत लेप होता, त्यात चावलेल्या गवताच्या काड्या आणि पोटाखालचे पांढरे राठ केस. शाळेच्या नाल्या तुंबल्या की जो वास यायचा, त्याच्यापेक्षाही वाईट. आंबलेला, कोमट, आतला वास.

"हे पोट आहे," ती म्हणाली.

रॉइसनं वास घेतला. "जरा मागे लागलाय."

"तू म्हणतोस ना, आठ तास थांबायचं?"

"आठ तास? बारा वाजता कोलंबसला निघायचंय. मॅचची तिकिटं जूनमध्ये काढलीत मी. चल, जवळच पडला असेल."

वीस मिनिटंसुद्धा झाली नव्हती. शंभर पावलांवर, पडलेल्या झाडाच्या आडोशाला नर बसलेला होता. यांना बघताच तो धडपडत उठला आणि तशाच वाकलेल्या पाठीनं उतारावरून खाली पळाला. पानांवर रक्ताचे तीन थेंब पडले होते, त्यापुढे काहीच नाही. रॉइस अर्धा तास इकडे तिकडे फिरला, फांद्यांना लाथा मारल्या, फोनमध्ये वेळ बघितली.

"गेला. सोड."

"सोड म्हणजे?"

"म्हणजे सोड. रानातल्या कायोटी कोल्ह्यांनाही पोट असतं. त्यांचंही जेवण होऊ दे."

"तू टोपी काढून काय सांगतोस रे लोकांना?"

"अगं बाई, ते व्हिडिओत," रॉइस म्हणाला. त्यानं ओठात तंबाखू भरली. "तुला सोडू का घरी?"

"मी थांबते."

"थांबून करणार काय? तुला रक्ताचा माग तरी काढता येतो?"

तो गेला. गाडीचा आवाज रस्त्याला लागेपर्यंत ती बाण हातात धरून उभी राहिली.

मग तिनं कर्टला फोन लावून सगळं सांगितलं. "ओडेसा फेनरला फोन कर," कर्ट म्हणाला. "तिच्याकडे माग काढणारी कुत्री आहे. आणि जनेल, तिच्याशी खरं बोल. तिला खोटं लगेच कळतं."

ओडेसा फेनर त्र्याहत्तर वर्षांची होती. जन्मभर तिनं त्या टेकड्यांमध्ये टपाल वाटलं होतं. तिनं फोनवर चारच प्रश्न विचारले. किती वाजता, किती अंतरावरून, बाणावर काय आहे, आणि मागे कोण गेलं होतं. शेवटच्या उत्तरावर ती फोनमध्येच शिवी हासडून म्हणाली, "आता आत पाऊलसुद्धा टाकू नकोस, पोरी. त्याला पडून राहू दे. मी साडेतीनला येते."

ते सहा तास जनेल मचाणाखाली बसून राहिली. कुणाला तरी गाडी घेऊन बोलावून घरी जाऊन परत येता आलं असतं, पण पाय उचलला नाही. ऑक्टोबर असून ऊन चांगलंच तापलं. तिनं जॅकेट काढलं, मग स्वेटरही काढला. हातमोज्यांना तो वास लागला होता, म्हणून तेही लांब फेकले, तरी वास बोटांना होताच. पावाला लोणी लावून आणलेलं सँडविच तिनं उघडलं आणि परत गुंडाळलं. पोटात भोक पडलेला तो जीव या क्षणी इथून कुठेतरी दोन-तीनशे पावलांवर पडलेला आहे, आणि आपण झाडाखाली बसून घड्याळ बघतोय. या विचारानं तिला स्वतःचीच किळस येऊ लागली. फोन तिच्याच हातात होता ना? तो खाली टाकला असता, ओरडली असती, तरी हरीण पळालं असतं.

साडेतीनला ओडेसा आली. काटकुळी, पुरुषी सदरा, आणि लांब दोरीला बांधलेली मस्टर्ड नावाची आखूड पायांची कुत्री. ओडेसानं बाण हुंगून बाजूला ठेवला. मस्टर्डनं झुडपाजवळ नाक खाली घातलं आणि ती चालू लागली. जिथे माणसाच्या डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं तिथे ती क्षणभरही अडखळली नाही.

उतारावरून खाली ओढ्यापर्यंत. जखमी जनावर पाण्याकडेच जातं. नर ओढ्याच्या काठाला चिखलात पडला होता, मागचे पाय पाण्यात. मान मात्र वर होती. तो त्यांच्याकडे बघत होता. पोटाच्या भोकावर माश्यांचा काळा थर बसला होता. तो श्वास घ्यायचा तेव्हा थर उठायचा आणि पुन्हा बसायचा. त्यानं उठायचा प्रयत्न केला. पुढचे गुडघे वाकले, बस्स, तेवढंच.

ओडेसानं कुत्रीला उचलून छातीशी धरलं. "बारा पावलं आहेत," ती हळूच म्हणाली. "तूच सोड. माझे हात आता थरथरतात."

जनेलनं रिकिबीत पाय घातला. दोरी अडकवली, पाठ ताठ, दोन्ही हात सारखे. खट्‌. बाण बसवला, अंगठा खाली. गॅरेजमागे दोनशे वेळा केलं होतं तेच हातांनी आपलं आपण केलं. क्रॉसबोवरच्या दुर्बिणीत खांद्यामागचा तांबूस केसांचा ठिपका आला. तिनं श्वास अर्धा सोडला आणि घोडा दाबला.

मान खाली गेली. पुढचा एक पाय दोनदा हलला. मग ओढ्याचं पाणी तेवढं वाहताना ऐकू येत राहिलं.

"चांगला बसला," ओडेसा म्हणाली. "हे असं व्हायला हवं होतं, सकाळी."

जनेल चिखलात बसली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही.

कर्टनं भावाला फोन करून काय सुनावलं ते जनेलला नंतरही नीट कळलं नाही. पण रॉइस मॅच अर्ध्यावर सोडून परत आला होता. पाऊण तासात तो ओढ्याच्या काठावर हजर, हातात फोन, चेहऱ्यावर हसू.

"अरे वा! अरे वा! जनेल, पहिलं हरीण!"

"हे तुझं आहे," ती म्हणाली.

"शेवटचा बाण ज्याचा त्याची शिकार. थांब, उजेड जायच्या आत उरकू."

त्यानं हरणाला कोरड्यावर ओढलं. ओढ्याच्या पाण्यानं तोंडावरचं रक्त धुतलं, बाहेर लोंबणारी जीभ दोन बोटांनी आत ढकलली, जबडा दाबून बंद केला. पोटाचं भोक दिसू नये म्हणून ती बाजू खाली वळवली. माश्या हाकलल्या. मग जनेलच्या हातात शिंगं देऊन तिला मागे गुडघ्यांवर बसवलं. "इकडे बघ. जरा हस की. अंत्ययात्रेला आल्यासारखी काय बसलीस?"

आणि जनेल हसली. पुढे तिनं कितीतरी वेळा स्वतःला विचारलं, की आपण का हसलो? दिवसभर उपाशी, थकलेली, समोर कुणीतरी फोन धरून हस म्हणालं, आणि तोंड आपोआप हसलं. एवढंच. पण त्यासाठी तिला स्वतःला कधीही माफ करता आलं नाही.

मग रॉइसनं सुरी काढली. पोट फाडताच आतला वायू फस्‌ करून बाहेर आला, आणि त्यामागून तो सकाळचा वास, दहा पटींनी. आतड्यांचं पाणी सगळीकडे पसरलं होतं. बरगड्यांच्या आत हिरवं-करडं चिकट पाणी साचलं होतं, पाठीकडचं मांस कडेनं हिरवं पडायला लागलं होतं. जनेल चार पावलं गेली, एका बीचच्या झाडाच्या बुंध्याला धरून ओकली. पोटात काही नव्हतं, नुसतं पित्त पडलं. मागे रॉइस हसत होता. "नवशिक्यांचं असंच होतं, मित्रांनो," हेही तो फोनमध्येच बोलत होता.

ओडेसा वाकून नुसतं बघत होती. "हे मांस गेलं, रॉइस," ती म्हणाली. "नऊ तास, या उन्हात, फुटलेल्या पोटानं. शिंगं घे आणि बाकीचं पूर."

"माझं मी बघतो, ओडेसा."

व्हिडिओ त्या मंगळवारी आला. त्यात अठ्ठावन्न यार्ड नव्हते, मॅच नव्हती, ओडेसा नव्हती, कुत्रीही नव्हती. जनेल फोमवर बाण मारत होती, मग मचाणावर बसली होती, मग रॉइसचा आवाज, 'फुप्फुसांतून आरपार!', आणि मग जनेल शिंगं धरून हसत होती. खाली लोकांनी अंगठे, टाळ्या आणि हृदयं ओतली होती. 'ताई, तुम्हाला बघून मीही सुरुवात करतेय,' असं कुणीतरी मिशिगनहून लिहिलं होतं. जनेलनं त्याखाली खरं काय झालं ते चार ओळींत लिहिलं. तासाभरात त्या ओळी नाहीशा झाल्या.

शाळेत ताटं वाढताना शिक्षक म्हणू लागले, "काय मग, शिकारीणबाई!" ती मान खाली घालून बटाटे वाढायची. तिनं रॉइसला फोन केला.

"काढून टाक तो."

"वेडी आहेस का? सहा हजार लोकांनी बघितलाय."

"खोटा आहे."

"तू हसलीस ते खोटं होतं का?" रॉइसनं विचारलं. तिनं फोन ठेवला आणि कितीतरी वेळ साबणानं हात धूत राहिली.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी अग्निशमन दलाच्या शेडमध्ये गावजेवण होतं. दर साली असतं. बंब बाहेर काढून आत टेबलं मांडतात, आणि शिकारी लोक घरून हरणाच्या मांसाची चिली आणतात. घेवडा, टोमॅटो, मिरची घालून रटरटवलेली. जनेल मक्याचा पाव घेऊन गेली. कर्ट कमरेला पट्टा बांधून काठी टेकत बरोबर आला. दुपारचा एक वाजला होता. रॉइस एका मोठ्या विजेच्या पातेल्यामागे एप्रन घालून उभा होता. पातेल्यावर कागद चिकटवला होता, 'जनेलचं पहिलं हरीण'.

ती वाचत उभी राहिली.

"ये, ये," रॉइस ओरडला. "पहिला वाडगा तुला ठेवायला हवा होता, पण लोकांना दम नाही."

"हे त्याचं मांस आहे?" तिनं विचारलं.

"त्याचंच. मोठे हिरवे भाग कापून टाकले. बाकीचं व्हिनेगरमध्ये दोन दिवस ठेवलं. एवढी मिरची घातलीय की भूतसुद्धा ओळखणार नाही."

जनेलनं झाकण उचललं. वर जिरं, मिरची, लसूण. आणि सगळ्याच्या तळाशी, अगदी तळाशी, तो वास. अठरा वर्षं ती मांस हुंगून सांगत आली होती की हे पोरांच्या ताटात जाईल की कचऱ्यात. तिला दुसऱ्यांदा हुंगायची गरज नव्हती.

रांगेत तिच्याच शाळेतली दोन पोरं वाडगे धरून उभी होती. एकीचा वाडगा भरलेला होता. जनेलनं तो तिच्या हातातून काढून घेतला. "खाल्लंस का यातलं, बाळा?"

"नाही अजून. गरम आहे."

"छान केलंस. जा, लायनेलकाकांच्या पातेल्यातलं घे."

मग तिनं विजेची वायर उपटली, दोन फडक्यांनी पातेल्याच्या कड्या धरल्या आणि ते उचललं.

"ए! काय करतेस?" रॉइस मधे आला.

"बाजूला हो. गरम आहे, तुझ्या अंगावर सांडेल."

तो बाजूला झाला. शेडच्या मागच्या दाराबाहेर खडीचा उतार होता, पुढे नाला. तिनं पातेलं उपडं केलं. लाल रस्सा खडीवरून वाहत गेला, घेवडे मागे राहिले. ती रिकामं पातेलं घेऊन आत आली तेव्हा सगळे खायचे थांबले होते. अग्निशमन दलाचा प्रमुख लायनेल हातात डाव घेऊन तसाच उभा होता.

"जनेल?" त्यानं विचारलं. "काय झालं गं?"

"ते हरीण मी मारलं नाही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण शेड लोखंडी होती, सगळ्यांना ऐकू गेला. "रॉइसनं मारलं, अठ्ठावन्न यार्डांवरून, पोटात. आणि सोडून मॅचला निघाला. ते नऊ तास जिवंत होतं, पोट फुटून, उन्हात. मी फक्त शेवट केला. ते मांस हिरवं होतं. ते हा पोरांना वाढत होता. आधी कुणी खाल्लं असेल तर आज रात्री पोटाकडे लक्ष द्या, आणि काही वाटलं तर डॉक्टरकडे जा."

टेबलापाशी बसलेल्या एका म्हाताऱ्यानं चमचा खाली ठेवला, वाडगा लांब सरकवला आणि रुमालानं जीभ पुसली.

"बायको आवर, कर्ट!" रॉइसचा चेहरा लाल झाला होता. "एक हरीण काय मारलं, डोक्यात गेलंय तिच्या. मी शिकवलं हिला! हिला क्रॉसबोचं पुढचं टोक कुठलं ते माहीत नव्हतं! पोटात सगळ्यांचाच लागतो कधी ना कधी. काय रे, लायनेल? तुझा नाही लागला?"

"लागला," लायनेल म्हणाला. "दोनदा. दोन्ही वेळा हरणाला शोधत फिरलो. एक नाही सापडलं, तर त्या साली पुन्हा गेलो नाही."

कर्ट खुर्चीचा आधार घेत उठला. उठायला त्याला वेळ लागला. त्यानं बायकोच्या हातातलं पातेलं घेतलं, त्यावरचा कागद फाडून खिशात घातला आणि पातेलं भावापुढे धरलं.

"तुला उचलायची बंदी आहे," जनेल म्हणाली.

"रिकामं आहे," कर्ट म्हणाला. मग भावाला, "घरी जा, रॉइस. आणि तो व्हिडिओ आज काढ."

रॉइस गेला. जाता जाता दारात थुंकला. व्हिडिओ त्या दिवशी काढला नाही. चार दिवसांनी काढला, तेही लायनेलनं आणि इतर दोघा-तिघांनी खाली लिहायला सुरुवात केल्यावर. सुदैवानं कुणी आजारी पडलं नाही. गावात काही जण म्हणाले की घरातली गोष्ट घरात ठेवायला हवी होती, आणि रॉइसची बायको दुकानात जनेल दिसली की दुसऱ्या रांगेत जाते. नाताळला दोन्ही घरांचं जेवण वेगवेगळं झालं. कर्टला त्याचं दुःख आहे.

त्याआधी, नोव्हेंबरच्या मध्यावर ओडेसाचा फोन आला. "माझ्या रानात माद्या फार झाल्यात," ती म्हणाली. "मका नाही, मूत नाही. येतेस?"

"मला आता त्या सगळ्याची शिसारी आलीय, ओडेसा."

"बरं आहे की. ज्यांना येत नाही त्यांना मी रानात घेत नाही."

जनेल सहा सकाळी तिच्या रानात बसली. पाच सकाळी तिनं बाण सोडलाच नाही. एकदा अंतर जास्त, एकदा हरीण तिरकं, एकदा मधे फांदी, दोनदा नुसतंच मन होईना. सहाव्या सकाळी एक मादी अठरा यार्डांवर आडवी उभी राहिली, ओकची फळं चघळत. बाण लागल्यावर ती चाळीस पावलं पळाली आणि पडली. ओडेसा आली तेव्हा जनेल शेजारी गुडघे टेकून बसलेली होती, हात मांडीवर.

"सुरी तुझ्याकडे आहे," ओडेसा म्हणाली आणि सिगारेट पेटवून बाजूच्या ओंडक्यावर बसली. "मी सांगते कुठे लावायची."

आतडी आख्खी, गरम, करड्या निळ्या रंगाची बाहेर आली. वास होता, पण तो रक्ताचा आणि ओल्या गवताचा. तरीही जनेलनं तोंड फिरवलं, ओकली, बाहीनं तोंड पुसलं आणि परत आत हात घातला. काळीज हाताला लागलं तेव्हा ते तिला वाटलं होतं त्यापेक्षा लहान निघालं.

"घेतेस ना ते?" ओडेसानं विचारलं. "कांदा घालून परतलं तर छान लागतं."

"कर्टला देईन," जनेल म्हणाली. "मला आज नाही जमणार."